काउंट चांगला आहे, मग अडतंय कुठं?

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या लॅबमध्ये पुरुषांच्या तपासणीचा सीझन असतो असं सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. पण असतो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे, देशभर पसरलेत. वर्षभर तिकडं भट्टीपुढं, आणि गावाकडं येणार ते जत्रेला नाहीतर दिवाळीला. मग त्या आठवड्यात बायकोला घेऊन डॉक्टर, तिची सोनोग्राफी, तिचं रक्त, तिची थायरॉइड, आणि सगळ्यात शेवटी, घरच्यांची नजर चुकवून, नवऱ्याची वीर्यतपासणी. "ताई, उद्या रातच्या गाडीनं निघायचंय. आजच्या आज रिपोर्ट मिळंल का?"

मी इथं टेक्निशियन आहे, वीसेक वर्षं होत आली. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, असताना सीमेनचं (वीर्याचं) सॅम्पल आलं की मुलांकडं सरकवायची पद्धत होती. इथं नोकरीला लागले तर सरकवायला कुणी मुलगाच नव्हता. डॉक्टरसाहेब (आमचे पॅथॉलॉजिस्ट) म्हणाले, तुम्हीच बघा. तेव्हापासून बघतेय. डबी देताना समोरचा खाली बघतो. मी मात्र सरळ त्याच्याकडं बघून सूचना देते, कारण अर्ध्या सूचना नीट ऐकल्या जात नाहीत आणि सॅम्पल वाया जातं.

रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस कागद उलगडून एकच आकडा शोधतो: काउंट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात. एकूणातले हलणारे ४२ टक्के, पुढं सरकणारे ३० टक्के, नीट घडणीचे ४ टक्के, आणि एकूण वीर्य १.४ मिलिलिटर. हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांमधला सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांचा तो उंबरा आहे. त्याच्या खाली असूनही बाप झालेले आहेत आणि वर असूनही थांबलेले आहेत. पण काउंट साडेचार कोटी दिसला की माणसाचा जीव भांड्यात पडतो, घरी फोन जातो, "माझं सगळं ओके हाय". आणि गाडी पुन्हा बायकोकडं वळते.

मला लिहायचंय ते त्याच कागदावरच्या खालच्या एका ओळीबद्दल. तिथं लिहिलेलं असतं 'पस सेल्स' म्हणजे पुवाच्या पेशी, कुठं 'राउंड सेल्स' म्हणजे गोल पेशी, आणि पुढं आठ-दहा, पंधरा-वीस असा काहीतरी आकडा. ही ओळ एकतर कुणी वाचत नाही, नाहीतर वाचली की थेट अँटिबायोटिक लिहितात. दोन्हींचा मला राग येतो.

एक गलाईवाला तरुण मागच्या दिवाळीला आला होता. कोइमतूरला असतो, लग्नाला पाच वर्षं झालेली. हातातल्या पिशवीत वेगवेगळ्या ठिकाणचे जुने रिपोर्ट, सगळ्यांत पस सेल्स वाढलेले, आणि प्रत्येक रिपोर्टमागं अँटिबायोटिकचा एक कोर्स. कधी दहा दिवस, कधी तीन आठवडे. बायकोलाही तेच. "गोळ्या खाऊन खाऊन तोंडाची चव गेली, पर पू काय जाईना," म्हणाला. पू हा शब्द त्यानं इतका हळू उच्चारला की मला पुन्हा विचारावं लागलं. त्याच्या डोक्यात आपल्या आत काहीतरी सडलंय असंच बसलेलं.

मी सॅम्पल लावलं. ओल्या स्लाइडवर शुक्राणूंच्या मधे गोल पेशी होत्या, हे खरं. पण वीर्यातली गोल पेशी दोन जातींची असू शकते. एक म्हणजे पांढरी पेशी, संसर्गावर धावून आलेली. दुसरी म्हणजे अंडकोशातून वेळेआधी सुटून आलेली, शुक्राणू व्हायच्या वाटेवरची कच्ची पेशी. बिनरंगाच्या स्लाइडवर दोन्ही सारख्याच दिसतात. आणि घाईत दोन्ही 'पस सेल्स' म्हणून लिहिल्या जातात.

म्हणून मी एक थेंब पसरून वाळवला, लीशमनचा रंग चढवला आणि तेलाच्या लेन्सखाली घेतला. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावणारी पांढरी पेशी, ओळखायला सोपा: जांभळ्या केंद्रकाचे तीन-चार तुकडे, बारीक धाग्यानं एकमेकांना जोडलेले. कच्च्या पेशीचं केंद्रक गोल, घट्ट, एखाद्या पेशीत दोन-दोन. या माणसाच्या स्लाइडवर तुकडेवाली पेशी शोधावी लागत होती, गोल केंद्रकवाल्या मात्र भरपूर. साहेबांनी पेरॉक्सिडेज नावाची रंगाची तपासणी करायला सांगितलं. त्यात न्यूट्रोफिल तपकिरी होतो, कच्ची पेशी रंग घेत नाही. तपकिरी फारच थोड्या निघाल्या. मिलिलिटरला दहा लाखांपेक्षा जास्त अशा तपकिरी पेशी असतील तरच पांढऱ्या पेशी वाढल्या असं म्हणतात, हा त्याच्या जवळपाससुद्धा नव्हता. कल्चर, म्हणजे प्लेटवर जंतू उगवतात का ते बघायची तपासणी, कोरं आलं.

साहेबांनी त्याला आत बोलावून एकच प्रश्न विचारला, अलीकडं मोठा ताप आला होता का? तर दोन महिन्यांपूर्वी टायफॉइड होऊन आठवडाभर ॲडमिट होता. अंडकोश शरीराच्या बाहेर लोंबतो तो उगाच नाही. शरीराच्या तापमानापेक्षा दोन-चार अंश थंड राहिला तरच तिथलं काम नीट चालतं. टायफॉइड, डेंगू, कसलाही चढता ताप आला की ती साखळी विस्कटते आणि पुढचे दोन-तीन महिने कच्चा माल बाहेर पडत राहतो. ताप ही शरीराची स्वतःचीच लढाई, तिचा भुर्दंड इथं भरावा लागतो. त्यात हा बाकीचं वर्षही भट्टीसमोर बसणारा. जुन्या रिपोर्टांच्या वेळी काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही, कारण कुठल्याही लॅबनं पेशी रंगवून पाहिल्याच नव्हत्या आणि कल्चरही एकदाही नाही. एक शुक्राणू मुळापासून तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, वर नळीतून प्रवासाचे दहा-बारा दिवस. म्हणून त्याला तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं, आणि तोवर कुणी पस सेल्सवरून गोळ्या दिल्या तर आधी कल्चर मागायचं.

आता खऱ्या पांढऱ्या पेशींबद्दल. त्या खरोखर वाढलेल्या असल्या तर काय होतं?

न्यूट्रोफिल जंतूला मारतो तो रासायनिक मारा करून. ऑक्सिजनची अतिशय तिखट रूपं, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे, तो बाहेर सोडतो. जंतू कुठला आणि आपला शुक्राणू कुठला हे त्या रसायनाला कळत नाही. आणि शुक्राणू या माऱ्यापुढं फार दुबळा. त्याच्या आवरणात असंपृक्त स्निग्ध आम्लं ठासून भरलेली, ती लगेच करपतात. शरीरातल्या बाकी पेशींच्या पोटात अशा माऱ्याला निष्प्रभ करणारी द्रव्यं असतात. शुक्राणूनं हलकं होण्याच्या नादात पोटच टाकून दिलेलं असतं, डोकं, मान आणि शेपूट एवढंच उरतं. आवरण करपलं की शेपटीची लवचीकता जाते आणि वेग मंदावतो. ऑक्सिजन मानवी शुक्राणूंना घातक ठरू शकतो हे अमेरिकेत मॅक्लाउड यांनी १९४३ मध्येच दाखवलं होतं.

वेग मंदावला तर तो निदान आमच्या रिपोर्टात दिसतो. डोक्यातल्या डीएनएचे तुकडे झाले तर आमच्या साध्या रिपोर्टात काहीच दिसत नाही. शुक्राणू पळतोय, आकार छान, काउंट भरपूर, पण आतला मजकूर फाटलेला. अशा शुक्राणूनं गर्भ राहिला तरी तो टिकेल याची खात्री कमी होते. दोन-तीन वेळा गर्भ पडलेल्या बाईच्या तपासण्यांची फाइल जाडजूड असते आणि नवऱ्याची एकही तपासणी झालेली नसते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मीच रिसेप्शनला विचारायला लावते, "मालकांचं काही केलंय का?" डीएनए तुटण्याची टेस्ट वेगळी आहे. आमच्याकडं होत नाही, सॅम्पल पुण्या-मुंबईला जातं, आणि ती सरसकट सगळ्यांना करायची गरजही नसते.

मग हे जंतू येतात कुठून? मूत्रमार्ग आणि वीर्याचा मार्ग शेवटी एकच होतो, त्यामुळं लघवीतला जंतू उलटा चढून प्रोस्टेटमध्ये, तिथून पुढं एपिडिडिमिसमध्ये जाऊ शकतो. एपिडिडिमिस म्हणजे अंडकोशाच्या मागं चिकटलेली नळी. उलगडली तर सहा मीटरच्या आसपास भरते आणि जागा घेते बोटाच्या एका पेराएवढी-दोन पेरांएवढी. एवढ्या बारीक नळीला सूज आली आणि भरताना आत व्रण राहिला की वाट बंद. पस्तिशीच्या आतल्या पुरुषात ही सूज बहुतेक वेळा क्लॅमिडिया किंवा परम्याच्या जंतूनं येते, म्हणजे लैंगिक संबंधातून. त्यापुढच्या वयात जास्त करून ई. कोलाय, तोच जो आपल्या आतड्यात मुकाट नांदत असतो.

परम्याला निदान लक्षणं असतात, जळजळ होते, स्राव येतो, माणूस घाबरून कुठंतरी जातो. क्लॅमिडिया पक्का लबाड. पुष्कळांना काहीच त्रास होत नाही. तो पेशीच्या आत राहतो, म्हणून आमच्या नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही. लघवीच्या पहिल्या धारेची पीसीआर करावी लागते. मायकोप्लाझ्मा, युरियाप्लाझ्मा हेही साध्या प्लेटवर दिसत नाहीत, आणि त्यांना पेशीभित्तिकाच नसल्यानं पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. तेव्हा 'कल्चर कोरं' याचा अर्थ 'जंतू नाही' असा प्रत्येक वेळी होत नाही. उलटंही खरं. प्लेटवर चार पांढरे ठिपके उगवले म्हणजे रोग झाला असंही नाही, हात न धुता सॅम्पल दिलं तर कातडीवरचे स्टॅफिलोकोकस उगवतातच. त्यावर औषध सुरू झालेलंही मी पाहिलंय.

माझ्या मनात राहिलेलं सॅम्पल एका प्राथमिक शिक्षकांचं आहे. पहिली मुलगी सहा वर्षांची, दुसऱ्यासाठी थांबून चार वर्षं झालेली. काउंट सहा कोटी. मी लेन्सखाली घेतलं आणि बघतच राहिले. शुक्राणू जिवंत होते, शेपट्या जोरात वळवळत होत्या, पण कुणीच कुठं जात नव्हतं. डोक्याला डोकं चिकटलेलं, कुठं शेपटीला शेपटी, पाच-सात जणांचा एक पुंजका. खरसुंडीच्या बाजारात दावणीला बांधलेली खोंडं ओढ घेतात तसं, सगळी ताकद जागच्या जागी. मृत शुक्राणू किंवा कचऱ्याला चिकटलेले शुक्राणू वेगळे, ते बऱ्याच सॅम्पलमध्ये असतात आणि त्यांना अर्थ नसतो. जिवंत शुक्राणू एकमेकांना चिकटलेले दिसले की ते वेगळं लिहावं लागतं. काउंटची चौकट मात्र त्यांनाही चांगलेच मार्क देते.

सरांना खोदून विचारलं तेव्हा निघालं, मुलगी वर्षाची असताना लघवीला जळजळ झाली होती आणि अंडाला एका बाजूनं सूज आली होती. ताप, ठणका. गावातच दोन दिवस इंजेक्शनं घेतली, ठणका गेला, गोळ्या अर्ध्यात सुटल्या. "बरं वाटलं, म्हणून मग नाही गेलो," म्हणाले. त्यांच्या सॅम्पलमध्ये न्यूट्रोफिल भरपूर होते आणि दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीच्या प्लेटवर गुलाबी कॉलन्या उगवल्या. ई. कोलाय. या जंतूच्या अंगावरचे बारीक केस शुक्राणूच्या पृष्ठभागावरच्या साखरेला पकडतात, त्यामुळं तो स्वतःच शुक्राणूंची मोळी बांधू शकतो. कल्चरप्रमाणे औषध झालं, सहा आठवड्यांनी सॅम्पल पुन्हा आलं. प्लेट कोरी, न्यूट्रोफिल जवळपास नाहीसे. पुंजके तसेच.

इथं दुसरी गोष्ट चालू होते, आणि मला ती पहिल्यापेक्षा जास्त विलक्षण वाटते. आपलं शरीर आपलं काय आणि परकं काय हे लहानपणीच शिकून घेतं. पण शुक्राणू तयार व्हायला लागतात वयात आल्यावर. म्हणजे ते शिकवणी संपल्यानंतर आलेले, रक्तातल्या पहारेकऱ्यांच्या यादीत त्यांचं नावच नाही. म्हणून अंडकोशात एक बंदोबस्त आहे: सर्टोली नावाच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की पलीकडं तयार होणारे शुक्राणू रक्ताच्या नजरेस पडत नाहीत. मार लागला, अंडकोशाला पीळ बसला, ऑपरेशन झालं, मोठा संसर्ग झाला किंवा नळी तुंबली, की हा आडोसा फाटतो. रक्ताला शुक्राणू दिसतात आणि ते परके ठरतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, म्हणजे अँटिबॉडी. जंतू गेला तरी त्या राहू शकतात.

हे १८९९ मध्येच लक्षात आलं होतं. कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलं की एका प्राण्याचे शुक्राणू दुसऱ्या जातीच्या प्राण्याला टोचले तर त्याचं शरीर त्यांच्यावर उठतं. हेच लँडस्टायनर पुढं रक्तगट शोधून नोबेल घेऊन गेले. मी रोज सकाळी ज्या ए-बी-ओच्या स्लाइडवर गुठळी होते का बघते ती आणि शिक्षकांच्या सॅम्पलमधले पुंजके, दोन्हींचं तत्त्व एकच, प्रतिपिंडानं दोन पेशींना एकत्र बांधणं. माणसाच्या बाबतीत रुम्के आणि विल्सन या दोघांनी वेगवेगळं काम करून १९५४ मध्ये मूल न होणाऱ्या पुरुषांच्या रक्तात शुक्राणूंना चिकटवणारी प्रतिपिंडं असल्याचं सांगितलं. नसबंदी केलेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांत ही सापडतात. नसबंदी उलटवल्यावर नळी मोकळी होऊनही कधी दिवस राहत नाहीत, त्यामागं हे एक कारण असू शकतं.

शिक्षकांचं सॅम्पल 'मार' (MAR) नावाच्या प्रतिपिंडांच्या टेस्टसाठी दिलं. त्यात प्रतिपिंड ओळखणारे बारीक मणी शुक्राणूंबरोबर मिसळतात. ज्याच्या अंगावर प्रतिपिंड आहे त्याला मणी चिकटतो आणि तो मणी ओढत पोहत राहतो. पळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना मणी लागले तर गोष्ट गंभीर धरतात. त्यांचं निम्म्याच्या बरंच वर होतं. असे शुक्राणू बाईच्या गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात शिरले की पुढं न जाता तिथंच थरथरत राहतात.

"मग ह्या अँटिबॉडी घालवायचं औषध?" सरांनी विचारलं. एके काळी स्टेरॉइड देत. फायदा बेभरवशाचा, आणि खुब्याचं हाड कुजण्यापर्यंत दुष्परिणाम, त्यामुळं ती रीत मागं पडली. आता अशा वेळी आयसीएसआय सुचवतात, एकच शुक्राणू सुईनं थेट बीजांडात सोडायचा. १९९२ पासून हे जगात होतंय. त्यात पोहायचाच प्रश्न नाही, म्हणून चिकटल्यानं अडत नाही. पण खर्च लाखांच्या घरात, आणि हे ऐकून सर गप्प झाले. पुढं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. ते अजून लघवी तपासायला येतात, मुलीच्या शाळेबद्दल बोलतात.

प्रतिपिंडं निघाली म्हणजे मूल होणारच नाही असं मात्र नाही, थोड्या प्रमाणात असलेले पुष्कळ जण बाप होतात. म्हणून पहिल्याच फेरीत ही टेस्ट करायची नसते. पॅकेजमध्ये घालून विकतात ते वेगळं.

क्षयाचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडं ते राहून जातं. बाईच्या पिशवीचा टीबी आता लोकांना ऐकून माहीत झालाय, पुरुषाला तिथं टीबी होतो हे ऐकून अजून माणसं दचकतात. फुप्फुसातून रक्तावाटे किंवा मूत्रपिंडातून खाली उतरून तो एपिडिडिमिसमध्ये बसतो. ठणका नाही, ताप असेल-नसेल, फक्त एक कडक गाठ. आमच्याकडं एक पोरगा आला होता, काउंट शून्य, वीर्य जेमतेम अर्धा मिलिलिटर. लघवीत पांढऱ्या पेशी भरपूर आणि साधं कल्चर दोनदा कोरं. पू आहे पण जंतू उगवत नाही, असं दिसलं की साहेबांचा पहिला संशय क्षयावर असतो. सर्जननं हातानं तपासलं तर वीर्यनळी मण्यांच्या माळेसारखी गाठीगाठींची लागली. पहाटेची लघवी सलग तीन दिवस घेऊन सीबीनॅटला, म्हणजे क्षयाचा जंतू शोधणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला, पाठवली, पॉझिटिव्ह आली. सरकारी औषध फुकट मिळतं, सहा महिन्यांचा कोर्स त्यानं पूर्ण केला, वजन वाढलं, चेहरा भरला. नळी मात्र उघडली नाही. औषध जंतूला मारतं, शरीरानं जखम भरताना जो व्रण केला त्याला काही करत नाही. तरी अंडकोशात शुक्राणू तयार होत असतील तर सुईनं तिथून काढून आयसीएसआय करता येतं, म्हणून शून्य वाचून लगेच सगळं संपलं असं कुणी समजू नये.

थोडं औषधांविषयी, मी डॉक्टर नाही हे सांगून. कल्चरमध्ये जंतू सापडला, लक्षणं आहेत, तर औषध पुरं घ्यावं, आणि लैंगिक संबंधातून येणारा जंतू असेल तर दोघांनी एकाच वेळी. एकानंच घेतलं तर तो परत फिरून येतो. जंतूचा पुरावा नाही, लक्षण नाही, नुसत्या पांढऱ्या पेशी आहेत, तिथं अँटिबायोटिकनं पेशी कमी होतील कदाचित, पण दिवस राहायची शक्यता वाढते असं दाखवता आलेलं नाही. आणि नायट्रोफ्युरँटॉइनसारखी काही औषधं जास्त मात्रेत शुक्राणूंनाच त्रास देतात. 'स्पर्म बूस्टर' म्हणून ज्या महागड्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल खपतात, त्यांचंही तसंच. ऑक्सिजनच्या माऱ्याचा सिद्धान्त खरा असला तरी बाहेरून गोळ्या देऊन काही बदलतं का हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या 'मॉक्सी' चाचणीत (२०२०) ना शुक्राणूंची हालचाल सुधारली, ना डीएनएची मोडतोड कमी झाली. महिन्याला दोन-अडीच हजार रुपये त्यावर घालवणारे मजूर मी बघते तेव्हा बोलावंसं वाटतं. काउंटरवरून बोलता येत नाही, म्हणून इथं लिहितेय.

सॅम्पल देणाऱ्यांनी एवढं करा. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा, वीस दिवस साठवून काउंट वाढत नाही, मेलेले वाढतात. आधी लघवी करा, हात आणि लिंग साबणानं धुऊन पाण्यानं साबण पूर्ण काढा. थुंकी, तेल, कंडोम काहीही नको. पहिला भाग सांडला असेल तर लपवू नका, सांगा. त्यातच शुक्राणू जास्त असतात, परत या. घरून आणत असाल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवून तासाच्या आत. एकानं थंड राहावं म्हणून बर्फाच्या पिशवीत आणलं होतं, वर "फ्रेश हाय ताई" म्हणून सांगितलं. अँटिबायोटिक चालू असेल तर कल्चर देऊन उपयोग नाही, पैसे वाचवा.

आणि अंडकोशात अचानक जोराची कळ येऊन सूज आली, विशेषतः विशीच्या आतल्या पोराला, तर इन्फेक्शन असेल म्हणून गोळी घेऊन झोपू नका. पीळ बसलेला असू शकतो. त्यात सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अंड वाचायची आशा असते. रात्री दोनला का होईना, सर्जन गाठायचा. आई-बापाला सांगायला लाजतात पोरं, आणि सकाळपर्यंत थांबतात.

कोइमतूरवाल्याचा जत्रेच्या आधी फोन आला होता. तिकडच्याच एका लॅबमध्ये तपासलं, रिपोर्टात पुन्हा 'पस सेल्स १०-१२' लिहिलंय. रंगवून बघितलं का विचार म्हटलं, तर तो म्हणाला, "विचारलं ताई. ते म्हणालं, असलं इथं कोण इचारत नाय." आता जत्रेला आला की सॅम्पल इथंच लावायचं ठरलंय, आणि या वेळी आईला सांगून येणार म्हणतोय.